जोडे सांधणारा मिशनरी : विल्यम कॅरी

कॅसलरॉकचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना चामड्याच्या बुटांचे दुखणे वेगळे सांगावे लागत नाही. जोयडा तालुक्यातील घाटमाथ्यावरचे हे लहानसे स्टेशन. मार्मागोव्याहून निघालेली रेल्वे १८८८ साली घाट चढून येथवर पोचली, आणि १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत हे सरहद्दीचे स्टेशन होते. खाली दूधसागर कोसळत असतो आणि वर रुळांची पाहणी करणारी माणसे चिखलातून मैलोगणती चालत असतात. जून लागला की कपाटातल्या बुटांवर आठ दिवसांत पांढरी बुरशी चढते. आम्हीही एकदा आळसाने एक चांगला जोड खोक्यात बंद करून ठेवला. पावसाळा संपल्यावर खोके उघडले तेव्हा चामडे ताठरले होते, तळ सुटू लागला होता आणि बुरशीच्या वासाने घर भरले होते. जोड फेकून द्यावा असे मनात आले. पण जवळच्या गावातील एका वृद्ध मोचीदादांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि वरचे चामडे अजून जिवंत असल्याचे सांगितले. त्यांनी बुरशी कोरड्या फडक्याने पुसली, जुना तळ रापीने सोडवला, नवा तळ आरीने भोके पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवला आणि चामड्याला हळूहळू तेल पाजले. तो जोड आम्ही पुढे कित्येक वर्षे वापरला.

त्या दिवशी मोचीदादांच्या फळकुटासमोर बसलो असता आम्हांला ज्या थोर पुरुषाची आठवण झाली, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते म्हणजे डॉ. विल्यम कॅरी. बंगालचे मिशनरी म्हणून त्यांचे नाव आपल्या संडेस्कूलच्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु मराठी व्याकरण आणि मराठी शुभवर्तमान छापणाऱ्या या हातांनी कित्येक वर्षे शेतकऱ्यांचे फाटके जोडे सांधले होते, याकडे आपण फारसे लक्ष देत नाही.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. मुलाला झाडाझुडपांचे आणि पाखरांचे विलक्षण वेड. पण त्याच्या कातडीला उन्हाचा त्रास होई, म्हणून शेतावरचे काम त्याला झेपेना. तेव्हा सावलीत बसून करता येईल असा धंदा पाहून वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी त्याला पिडिंग्टन येथील क्लार्क निकल्स या जोडे करणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. देवाची योजना पाहा! इंग्लंडचे कोवळे ऊन ज्याला सोसवत नव्हते, त्याने पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे काढली.

त्या काळचे जोडे करणे म्हणजे कष्टाचे काम होते. तळाचे चामडे भिजवायचे आणि मांडीवर दगड ठेवून त्यावर हातोडीने ठोकून घट्ट करायचे. तागाच्या किंवा अंबाडीच्या धाग्याला राळ व मेण चोळायचे, टोकाला सुईऐवजी डुकराचा राठ केस बसवायचा, आरीने भोक पाडायचे आणि दोन्ही बाजूंनी दोरा ओढून टाका आवळायचा. चांगल्या जोड्यात वरचे चामडे आधी कडेच्या पट्टीला शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात. त्यामुळे तळ झिजला तरी वरच्या भागाला धक्का न लावता तो बदलता येतो. टाका सैल पडला तर पाणी आत शिरते, आणि दोष लपवला तरी पहिल्याच पावसात तो उघडा पडतो. हा धंदा माणसाला प्रामाणिकपणा शिकवतो.

तो धडा कॅरी यांना कडू अनुभवातून मिळाला. एका नाताळात गिऱ्हाइकांकडून खुशाली गोळा करताना एका दुकानदाराने त्यांच्या हातावर खोटा शिलिंग ठेवला. कॅरींनी तो मालकाच्या पैशांत मिसळून त्याचा खरा शिलिंग आपल्याकडे घेतला आणि खोटे बोलून निभावून न्यायचे ठरवले. लबाडी उघडकीस आली. लाजेने कित्येक दिवस त्यांना कोणाला तोंड दाखवणे नकोसे झाले. त्याच दुकानात जॉन वॉर हा दुसरा उमेदवार होता. त्याच्याशी होणाऱ्या वादांतून आणि या फजितीतून कॅरींचे मन हळूहळू नम्र होत गेले. नीतिमान असल्याचा जो अभिमान ते बाळगून होते, त्याचा टाका उसवला आणि तारणाऱ्याची गरज त्यांना कळून आली.

१७७९ मध्ये निकल्स वारले आणि कॅरी हॅकलटन येथील थॉमस ओल्ड यांच्याकडे कामाला राहिले. १७८१ मध्ये ओल्ड यांची मेहुणी डॉरोथी प्लॅकेट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. थोड्याच काळात ओल्डही वारले. दुकानाचा आणि त्यांच्या विधवेचा भार तरुण कॅरींच्या खांद्यावर आला. पहिली मुलगी तापाने गेली. स्वतः कॅरीही त्याच तापाने अंथरुणाला खिळले. अशा दिवसांतही शिवणकामाशेजारी पुस्तक उघडे असे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्यांनी आरी चालवता चालवता शिकायला घेतल्या.

१७८५ मध्ये ते मोल्टन येथे गेले. तेथील मंडळीचे पाळकपण, लहानशी शाळा आणि जोड्यांचे काम अशी तिहेरी ओढाताण सुरू झाली, तरी घरात पोटभर अन्न नसे. कागद चिकटवून केलेला जगाचा एक मोठा नकाशा त्यांनी कामाच्या जागेसमोर भिंतीवर लावला होता. निरनिराळ्या देशांची लोकसंख्या आणि धर्म यांची माहिती त्यावर लिहिलेली असे. डोळे नकाशावर आणि हात चामड्यावर, असे त्यांचे दिवस गेले. केटरिंगचे व्यापारी थॉमस गॉच यांच्यासाठी ते जोडे करून नेत. या माणसाचे मन कोठे आहे हे गॉच यांनी ओळखले. जोडे करणे सोडून अभ्यास करावा म्हणून त्यांनी आठवड्याला १० शिलिंग देऊ केले. मंडळीतील एका व्यापाऱ्याच्या औदार्यातून किती मोठे कार्य उभे राहिले, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१७९२ मध्ये कॅरींनी सुवार्ताप्रसाराच्या कर्तव्याविषयी आपले पुस्तक प्रसिद्ध केले, आणि २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षी १३ जूनला ते डेन्मार्कच्या जहाजाने निघाले आणि ११ नोव्हेंबर १७९३ रोजी कलकत्त्यास उतरले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. डॉरोथीबाई आरंभी येण्यास तयार नव्हत्या. तान्हे मूल कडेवर आणि अनोळखी देश समोर; त्यांची भीती खोटी नव्हती. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने दगावला. त्यानंतर त्यांचे मन जे ढळले ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. शेजारच्या खोलीत पत्नीचा आक्रोश चाललेला असताना कॅरी भाषांतर करीत बसत. त्यांचे गुणगान करताना या माउलीने दिलेली किंमत आपण विसरू नये. सेवकाच्या घरातले दुःख झाकून ठेवून त्याचे चरित्र सांगणे म्हणजे फाटलेल्या जोड्यावर नुसते पॉलिश चढवणे होय.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी श्रीरामपूर येथे आले. हे बंगालमधले श्रीरामपूर हुगळीच्या काठी असून तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथे जमलेली माणसे पाहा : कॅरी जोडे करणारे, वॉर्ड छापखान्यातले, मार्शमन विणकराचे पुत्र. अक्षरांचे ठसे कोरणारे पंचानन कर्मकार लोहारकाम करणाऱ्या समाजातले. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेणारे कृष्ण पाल हे सुतार. येशूही नासरेथात सुताराच्या घरी वाढला, हे त्या सर्वांना ठाऊक होते.

१८०१ मध्ये कॅरींना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात नेमण्यात आले. बंगाली आणि संस्कृत यांबरोबर ते मराठीही शिकवू लागले. पगार प्रथम दरमहा ५०० आणि पुढे १००० रुपये मिळे. त्यातला बहुतेक भाग मिशनच्या सामाईक पेटीत जाई. मराठीच्या कामात नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा यांची त्यांना मोठी मदत झाली. १८०५ मध्ये कॅरींचे मराठी व्याकरण छापून निघाले. मत्तयाचे शुभवर्तमानही त्याच वर्षी निघाले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातील मराठी शब्द मोडी अक्षरांत होते. १८११ मध्ये मराठी नवा करार आणि १८१८ मध्ये कोकणी नवा करार निघाला. कॅसलरॉकच्या आसपास या दोन्ही भाषा एकाच अंगणात ऐकू येतात. म्हणून या मुलुखाशी कॅरींचे नाते दुहेरी आहे.

ती भाषांतरे निर्दोष होती काय? नव्हती. कलकत्त्याकडे बसून केलेली ती मराठी कोकणात आणि देशावर परकी वाटे. मुंबईच्या अमेरिकन मिशनने स्वतंत्र भाषांतर करून १८२६ मध्ये नवा करार छापला. पुढे बाबा पदमनजींसारख्यांनी मराठी शास्त्राच्या सुधारणेत हातभार लावला, आणि पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची शेवटची वर्षे मूळ भाषांवरून भाषांतर करण्यात घालवली. प्रत्येक पिढीने झिजलेला तळ काढून नवा बसवला. कॅरींना याचे वाईट वाटले नसते. त्यांनी स्वतः आपल्या बंगाली नव्या कराराच्या आठ आवृत्त्या पुनःपुन्हा तपासून काढल्या. दुरुस्तीचा कंटाळा न करणे, हा त्यांचा धंद्यातून आलेला गुण होता.

त्याची कसोटी ११ मार्च १८१२ च्या रात्री लागली. श्रीरामपूरचा छापखाना आगीत भस्म झाला. कागद, खिळे, व्याकरणांची आणि कोशांची हस्तलिखिते, सारे गेले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होते; दुसऱ्या दिवशी बातमी कळताच ते सुन्न झाले. पण राखेतून ठसे आणि साचे शाबूत निघाले. नवे खिळे ओतण्यास लगेच आरंभ झाला आणि कॅरी पहिल्या पानापासून लिहू लागले.

पुढे १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज आणि १८२० मध्ये शेती व बागायतीची संस्था स्थापन झाली. १८२९ मध्ये सतीबंदीच्या हुकमाचे बंगाली भाषांतर कॅरींनी तातडीने करून दिले. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांनी देह ठेवला. भारतात आल्यापासून ते एकदाही मायदेशी परतले नव्हते.

गव्हर्नर जनरलच्या मेजवानीतील प्रसंग प्रसिद्ध आहे. डॉ. कॅरी पूर्वी जोडे बनवीत होते ना, असे एका अधिकाऱ्याने त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला विचारले. कॅरींनी पुढे होऊन त्याची चूक दुरुस्त केली : आपण नवे जोडे बनवणारे नव्हतो, फक्त जुने दुरुस्त करणारे होतो. अधिकारी ओशाळला असेल. कॅरी ओशाळले नाहीत.

वाचकहो, आपल्या देशात हा प्रश्न अधिक खोल जातो. येथे चामड्याला हात लावणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले. त्याने शिवलेले जोडे चालले, पण त्याची सावली चालली नाही. प्रेषित पेत्र मात्र यापो येथे चामड्याचा धंदा करणाऱ्या शिमोनाच्या घरी पुष्कळ दिवस राहिला. आपल्या मंडळ्यांत कोणाच्या आजोबांचा धंदा कोणता होता याची कुजबुज अजूनही कधी लग्नाच्या बोलण्यात, कधी निवडणुकीत कानांवर येते. ती ऐकली की त्या मेजवानीतील अधिकारी आपल्याच बाकावर येऊन बसला आहे असे आम्हांला वाटते.

संडेस्कूलच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. कॅरींचा धडा घेताना एक जुना जोडा वर्गात न्यावा. भिजलेला जोडा विस्तवाशी ठेवू नये, कारण उष्णतेने चामड्यातील तेल आटून त्याला भेगा पडतात. चिखल पुसावा, आत रद्दी कागद भरावा, सावलीत वाऱ्यावर सुकू द्यावा, मग थोडे तेल लावावे आणि टाच झिजताच दुरुस्तीला द्यावी, हे मुलांना करून दाखवावे. जमल्यास गावातील मोचीदादांना वर्गात बोलवावे, त्यांना खुर्ची द्यावी आणि त्यांच्या हातची कला मुलांना पाहू द्यावी. मग त्यांना सांगावे की अशाच हातांनी आपल्याला पहिले छापील मराठी शुभवर्तमान दिले.