जमशेदजी टाटा आणि सुताच्या गाठींची सागरी लढाई

नागपूरची एम्प्रेस मिल आणि पोलादाचा कारखाना यांच्यासाठी जमशेदजी नसरवानजी टाटा यांचे नाव घेतले जाते. मात्र भारतीय मालाला परदेशी बाजारपेठ मिळावी म्हणून त्यांनी दिलेला लढा काहीसा विस्मृतीत गेला आहे.

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे जन्मलेल्या जमशेदजींनी वयाच्या विसाव्या वर्षी हाँगकाँग गाठले. वडिलांच्या पेढीचा व्यापार कापसाबरोबर अफूचाही होता, हे येथे नमूद करावयास हवे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले. त्यावेळी लंडनमध्ये असलेल्या जमशेदजींनी धनकोंपासून काहीही न लपविता पेढीची देणी मिटविण्याचे काम अंगावर घेतले. १८६८ मध्ये अवघ्या २१ हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची तोट्यातील गिरणी विकत घेऊन तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले. तिचे सूत चीनकडे जाऊ लागले, परंतु सुरुवातीला तेथील व्यापाऱ्यांच्या तक्रारी आल्या. तेव्हा नागपूरहून अनुभवी माणसे आणून त्यांनी मालाचा दर्जा सुधारला.

माल सुधारला तरी जहाजभाडे त्यांच्या हाती नव्हते. मुंबई ते अतिपूर्वेचा सागरी मार्ग ब्रिटिश पी अँड ओ कंपनी व तिच्या दोन युरोपीय सहकारी कंपन्यांच्या ताब्यात होता आणि त्यांच्या दरांमुळे निर्यातदारांचा नफा आटत असे. १८९३ मध्ये जमशेदजी जपानला गेले व निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी त्यांनी करार केला. धोका टाटांनीही समान वाटून घ्यावा, ही जपानी कंपनीची अट त्यांनी मान्य केली. ‘ॲनी बॅरो’ आणि ‘लिंडिसफार्न’ ही जहाजे भाड्याने घेऊन ‘टाटा लाइन’ सुरू झाली. दर टनामागे १२ रुपये ठरला.

पी अँड ओने आपला दर थेट दीड रुपयावर आणला. टाटांच्या किंवा जपानी जहाजांतून माल न पाठविणाऱ्यांना सूट देऊ केली. ‘लिंडिसफार्न’ कापूस वाहून नेण्यास योग्य नसल्याची वदंताही पसरविण्यात आली. जमशेदजींनी सरकारकडे दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. ज्यांच्या हितासाठी ही उठाठेव होती, ते मुंबईचे व्यापारीच स्वस्त दराला भुलून पुन्हा जुन्या कंपनीकडे वळले. मोठा तोटा सोसून टाटा लाइन बंद करावी लागली. जपानी कंपनीने मात्र मुंबईची सेवा चालूच ठेवली; तिच्या पाठीशी जपानच्या सूतगिरण्या उभ्या होत्या.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेदजींचे निधन झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली, आणि तिलाही त्याच दरयुद्धाला तोंड द्यावे लागले.