आगीत सगळं गेलं, तरी विल्यम कॅरी पुन्हा कामाला लागले

मराठीच्या जुन्या छापील पुस्तकांचा विषय निघाला की श्रीरामपूरचं नाव येतंच. हे नगरकडचं नव्हे, कोलकात्याजवळचं, हुगळीच्या काठावरचं. तिथं तेव्हा डेन्मार्कची सत्ता होती. महाराष्ट्रापासून इतक्या लांब बसून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढणारे विल्यम कॅरी हे मूळचे इंग्लंडमधले जोडे शिवणारे कारागीर.

१७६१ मध्ये जन्मलेले कॅरी बाप्टिस्ट मिशनचे धर्मप्रचारक म्हणून नोव्हेंबर १७९३ मध्ये कोलकात्याला उतरले. सोबतच्या सहकाऱ्याच्या उधळपट्टीने पैसे लवकरच संपले. मग पोटासाठी मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. तिथंच १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. पत्नी डोरोथी यांची मुळात इकडं यायची इच्छा नव्हती. त्यांचं मानसिक आजारपण वाढत गेलं, ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत. कॅरींच्या कामाची किंमत घरानेही मोजली, हे विसरता येत नाही.

आणि ज्या कामासाठी एवढं केलं, त्यात काय हाती लागलं? सात वर्षं एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही. पहिला बाप्तिस्मा झाला कृष्ण पाल या सुताराचा, २८ डिसेंबर १८०० रोजी.

त्याच वर्षी कॅरी श्रीरामपूरला आले होते. तिथं जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे जोडीदार मिळाले. कॅरींनी भाषांतर, मार्शमन यांनी शाळा आणि वॉर्ड यांनी छापखाना सांभाळायचा. मिळकत सगळ्यांची एका खात्यात. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवून कॅरींना मिळणारा मोठा पगारही त्याच खात्यात जमा व्हायचा.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, टाईप, अनेक भाषांतली हस्तलिखितं जळाली. अनेक भाषांचा एकत्र शब्दकोश करायचं त्यांचं मोठं काम राख झालं. कॅरी तेव्हा कोलकात्यात होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ते पाहिलं.

पैसा पुन्हा उभा करता येतो, पण वर्षानुवर्षांची मेहनत कुठून आणायची? कॅरींनी तक्रारीत वेळ घालवला नाही. दुसऱ्यांदा लिहिताना आधीच्या चुका सुधारता येतील, असं मानून ते परत मेजावर बसले. अक्षरांचे साचे राखेतून शाबूत मिळाले होते. वॉर्ड यांनी वितळलेल्या धातूतून टाईप पुन्हा ओतून घेतले. बातमी ब्रिटनला पोचली तशी तिकडून देणग्या आल्या. शब्दकोशाचं ते मोठं काम मात्र पुन्हा उभं राहिलं नाही. पण १८१४ मध्ये इथूनच मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली आणि १८१७ मध्ये कॅरींचं कन्नड व्याकरण.

पुढचा त्रास आपल्याच माणसांचा होता. तरुण मिशनरी वेगळे झाले. मालमत्तेवरून लंडनच्या समितीशी वाद चिघळला आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर समितीपासून तुटलं. १८१८ मध्ये सुरू केलेलं कॉलेज मात्र टिकलं, ते आजही आहे.

९ जून १८३४ रोजी कॅरी श्रीरामपुरातच वारले. एक्केचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. निराशा त्यांना अनेकदा आली. दिवसाचं ठरलेलं काम आणि ओझं वाटून घेणारे जोडीदार, या दोन गोष्टींनी त्यांना सावरलं. कुठलीही संस्था चालवणाऱ्याला हे पटेल.