बर्फातला गिनीपिग आणि माझ्या हातातला बँड

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. तसाही विषय पोटाचाच आहे!

गेल्या दिवाळीला दादाने मला मनगटावर बांधायचा बँड दिला. तो पावलं मोजतो, नाडी मोजतो आणि दिवसभरात किती कॅलरीज जळाल्या तेही सांगतो. हॉस्टेलच्या दोन वर्षांत माझं वजन अकरा किलो वाढलं होतं (वडापाव आणि रात्री दोनची मॅगी, दुसरं काय?), त्यामुळे मी खूश. एका वहीत रोज रात्री दोन आकडे लिहायला लागले. डावीकडे खाल्लं ते, उजवीकडे जळालं ते. आधी रात्रीचा भात सुटला, मग पोळी, मग अख्खं जेवणच. आकडा पुरा व्हावा म्हणून रात्री अकरा वाजता कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचे. रूममेट हसायची, मी तिच्यावर चिडायचे.

तिसऱ्या आठवड्यात थर्मल लॅबमध्ये बॉम्ब कॅलरीमीटरसमोर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. सरांनी आधी पाणी दिलं, मग चहा-बिस्किटं मागवली. सगळी हकिकत ऐकून घेतली आणि मग (सर ते सरच!) एक असाइनमेंट दिली. कॅलरीमीटरची गोष्ट कुठून सुरू होते ते शोधून लिहून आण. शोधताना मला जो माणूस भेटला, त्याची ही गोष्ट.

त्याचं नाव आंत्वान लॅव्हाझिए. शाळेत आम्ही सगळे त्याला लॅव्हॉइझियर म्हणायचो आणि द्रव्य अक्षय्यतेच्या नियमापुढे त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं. २६ ऑगस्ट १७४३ ला पॅरिसमध्ये एका सुखवस्तू घरात तो जन्मला. पाच वर्षांचा असताना आई गेली. वडील वकील, म्हणून यानेही कायद्याची पदवी घेतली, पण वकिली काही केली नाही. ओढा विज्ञानाकडे होता. १७६८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवडून आला.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली, जी पुढे त्याच्या जिवावर बेतली. फ्रान्समध्ये राजासाठी कर गोळा करायचा मक्ता एका खाजगी कंपनीकडे होता. मिठावर कर, तंबाखूवर कर. लोक त्या मक्तेदारांचा मनापासून द्वेष करायचे. लॅव्हाझिएने त्या कंपनीत पैसे घातले आणि तोही मक्तेदार झाला. चुकवेगिरी थांबावी म्हणून पॅरिसभोवती जकातीची भिंत बांधायची कल्पनाही त्याचीच. म्हणजे माणूस काही संत नव्हता. पण त्या पैशातून त्याने काय उभं केलं? त्या काळातली उत्तमातली उत्तम प्रयोगशाळा, आणि तिच्यात अतिशय नाजूक, अचूक तराजू.

दिवसभर कंपनीचे हिशेब, आणि सकाळी-रात्री काही तास विज्ञान. शिवाय आठवड्यातून एक अख्खा दिवस प्रयोगांचा. पण दोन्हीकडे काम एकच, जमा आणि खर्च जुळवायचा. प्रयोगाआधी सगळं तोलायचं, प्रयोगानंतर सगळं तोलायचं. हवासुद्धा! अशाच तोलण्यातून त्याने दाखवून दिलं की वस्तू जळते म्हणजे तिच्यातून काही निघून जात नाही, उलट हवेतला एक वायू तिच्याशी जोडला जातो. तो वायू आधी शेले आणि प्रीस्टली यांना सापडला होता, पण तो नेमका काय करतो हे लॅव्हाझिएने ओळखलं आणि त्याला ऑक्सिजन हे नाव दिलं.

या सगळ्यात त्याची बायको मारी-आन बरोबरीने होती. १७७१ मध्ये लग्न झालं तेव्हा ती फक्त तेरा वर्षांची होती! पुढे ती नवऱ्यासाठी इंग्रजी शिकली, इंग्रजी ग्रंथांचं भाषांतर केलं, प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या आणि उपकरणांची चित्रं काढली. १७८९ च्या त्याच्या प्रसिद्ध रसायनशास्त्राच्या पुस्तकातली चित्रं तिचीच आहेत.

आता येऊ गिनीपिगकडे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लॅव्हाझिए आणि लाप्लास (हो, आपल्या एम-थ्रीमधला ट्रान्सफॉर्मवालाच!) या दोघांनी बर्फाचा कॅलरीमीटर बनवला. आत एक जाळीची टोपली, तिच्याभोवती बर्फाचा थर, आणि बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून बर्फाचा आणखी एक थर. टोपलीत गिनीपिग ठेवायचा. त्याच्या अंगाच्या उष्णतेने आतला बर्फ वितळेल ते पाणी खाली जमा होणार. ते तोललं की उष्णता मोजली. दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. मग तोच प्राणी दहा तासांत श्वासावाटे किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते मोजलं, आणि तेवढाच वायू देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल याचा हिशेब केला. उत्तर आलं साधारण साडेदहा औंस.

म्हणजे हिशेब जुळला नाही! माझ्या जर्नलमध्ये असं झालं असतं तर मी खोडरबर घेतलं असतं. खोटं कशाला बोलू, आपण सगळेच घेतो. या दोघांनी दोन्ही आकडे तसेच छापले आणि फरक कुठून आला असेल त्याची कारणंही लिहिली. थंडीने प्राण्याचे पाय गार पडले असतील, त्याच्या श्वासातली वाफ पाण्यात मिसळली असेल. पुढे लॅव्हाझिएच्या लक्षात आलं की शरीरात नुसता कार्बन जळत नाही, हायड्रोजनही जळून पाणी होतं. पण मुख्य गोष्ट तेव्हाच कळली होती. श्वास घेणं म्हणजे एक सावकाश जळणंच आहे. अर्थात त्याच्याही चुका झाल्या. हे जळणं फुप्फुसात होतं असं त्याला वाटायचं, आज आपल्याला माहीत आहे की ते शरीरातल्या पेशींमध्ये होतं. उष्णता हा एक वजन नसलेला पदार्थ आहे असंही तो मानायचा. कॅलरी हा शब्द तर त्याच्यानंतर, १८२० च्या दशकात, निकोला क्लेमां याने वापरात आणला.

गिनीपिगनंतर पाळी माणसाची. १७९० च्या सुमारास त्याचा सहकारी आर्मां सेगॅं तोंडावर मुखवटा लावून बसायचा आणि त्याला लागणारा ऑक्सिजन मोजला जायचा. आजच्या मापात सांगायचं तर उपाशी आणि स्वस्थ बसला असता तासाला सुमारे २४ लिटर, जेवणानंतर त्याहून जास्त, आणि पायाने वजन उचलायचं काम करताना ६० लिटरच्याही वर. कामाबरोबर नाडीही वाढायची. मारी-आनने या प्रयोगाचं चित्र काढलंय, त्यात ती स्वतः टेबलाशी बसून नोंदी लिहिताना दिसते.

इथे लॅव्हाझिएने एक गोष्ट लिहिली, जी वाचून मी थबकले. अंगमेहनत करणाऱ्या गरिबाचं शरीर जास्त जळतं, म्हणजे त्याला अन्न जास्त हवं, पण नेमकं त्यालाच ते कमी मिळतं, आणि ज्याला कमी पुरेल त्या श्रीमंताच्या ताटात भरपूर असतं. हे लिहिणारा स्वतः श्रीमंत मक्तेदार होता. मला मात्र आमच्या मेसच्या मावशी आठवल्या. पहाटेपासून पोळ्या लाटतात आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात. त्यांच्या हातात बँड नाही. आणि मी ताटातलं अन्न टाकून आकडे जुळवत होते.

शेवट वाईट आहे. क्रांती झाली, मक्तेदारांवर लोकांचा राग उसळला. नोव्हेंबर १७९३ मध्ये लॅव्हाझिएला अटक झाली. कैदेत असतानाही मक्तेदारांकडून कंपनीचे जुने हिशेब पूर्ण करून घेतले गेले. तंबाखूत जास्त पाणी मिसळल्याचाही आरोप होता. ८ मे १७९४ ला एकाच दिवसात खटला उरकला आणि त्याच दिवशी २८ मक्तेदारांना गिलोटिनवर चढवलं. त्यात लॅव्हाझिए होता आणि त्याचे सासरेही. मारी-आनने एका दिवसात नवरा आणि वडील दोघे गमावले. १७९५ मध्ये सरकारने जप्त केलेलं सामान तिला परत केलं आणि त्याला चुकून दोषी ठरवल्याचं मान्य केलं. पन्नास वर्षांचा होता तो...

असो. बँडचं काय? तो ऑक्सिजन मोजून कॅलरी काढत नाही. कातडीवर हिरवा उजेड टाकून नाडी मोजतो, हाताची हालचाल बघतो, आपण भरलेलं वय-उंची-वजन घेतो आणि सूत्राने अंदाज काढतो. मी बाथरूममध्ये कपडे घासते तेव्हा त्याला वाटतं मी चालतेय! २०१७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असे सात बँड तपासले. नाडी बहुतेकांनी ठीक मोजली, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगला बँडही सरासरी २७ टक्के चुकला. आणि अशा आकड्यावर मी माझं जेवण ठरवत होते.

बँड मी फेकून दिला नाही. संध्याकाळी ग्राउंडवर जाते तेव्हा नाडी बघायला तो चांगला आहे. रात्री मात्र जेवते, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. सहा महिन्यांत चार किलो कमी झालेत, हळूच पण चक्कर न येता. वहीसुद्धा चालू आहे. फक्त आता तिच्यात तिसरा रकाना आहे, फरकाचा. परीक्षा होती, ताप होता, मेसमध्ये जिलबी होती, जे असेल ते मी तिथे लिहिते. खोडरबर न वापरता.