एरहार्ट राटडोल्ट

एरहार्ट राटडोल्ट हा पंधराव्या शतकातील जर्मन मुद्रक होता. भौमितिक आकृत्यांसह गणिताचा ग्रंथ छापण्याचा प्रश्न सोडवल्याबद्दल तो ओळखला जातो. त्याचा जन्म आउग्सबुर्ग येथे झाला. इ.स. १४७६ मध्ये त्याने व्हेनिस येथे दोन भागीदारांसह मुद्रणकार्य सुरू केले.

युक्लिडचा ग्रंथ

खिळे जुळवून मजकूर छापता येत असला, तरी आकृत्या छापणे अवघड होते. व्हेनिसमध्ये विपुल ग्रंथ छापले जात असूनही गणिताचे ग्रंथ दुर्मीळ राहण्याचे हेच कारण त्याने अर्पणपत्रिकेत नोंदवले. २५ मे १४८२ रोजी त्याने युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ची पहिली मुद्रित आवृत्ती लॅटिन भाषेत प्रसिद्ध केली. तिच्यात रुंद समास राखून ४०० हून अधिक आकृत्या संबंधित मजकुराशेजारी बसवल्या आहेत. त्यामुळे सिद्धता वाचतानाच आकृती ताडून पाहता येते. इ.स. १४८५ मध्ये साक्रोबोस्कोच्या खगोलशास्त्रीय ग्रंथातील काही आकृत्या त्याने अनेक रंगांत छापल्या.

उत्तरायुष्य

इ.स. १४८६ मध्ये आउग्सबुर्गला परतल्यावर त्याने प्रामुख्याने धार्मिक ग्रंथ छापले. त्याच वर्षीचा त्याचा खिळ्यांच्या १४ प्रकारांचा नमुनातक्ता हा ज्ञात तक्त्यांपैकी सर्वांत जुना मानला जातो.