कै. डॉ. कमला सोहोनी

हिवाळ्याच्या पहाटे आमच्या सुरत शहरात नीरा पिण्यास मंडळी आवर्जून जातात. ह्या साध्या पेयातील पोषक द्रव्यांचा शास्त्रीय अभ्यास एका मराठी विदुषीने केला होता. त्या डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

कमलाबाईंचे माहेर भागवतांचे. जन्म इंदूरचा. वडील नारायणराव व चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत ह्या त्यांच्या वडील भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून त्यांनी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणास्तव, तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, परंतु पहिले वर्ष परीक्षेचे, ही अट घालूनच. थोर शास्त्रज्ञाचे मनही रूढीने बांधलेले असू शकते, हे त्यांना फार लागले. त्यांनी उत्तर दिले ते कामाने. श्री. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी असे संशोधन केले की, रामन यांचा विरोध मावळला आणि पुढील मुलींना त्या संस्थेचे द्वार खुले झाले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर प्रयोग करीत असता वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य असते, असा शोध त्यांना लागला. हे द्रव्य म्हणजे काय? पॉर्फिरिन नामक वलयाच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. वलयातील नत्राचे चार अणू त्यास चोहोंकडून धरतात आणि प्रथिनाचे दोन घटक वरून व खालून आधार देतात. हे दोन आधार कोणते, यावर लोहाचा गुणधर्म बराचसा अवलंबून असतो. रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये एक जागा मोकळी असते, म्हणून ते प्राणवायू वाहून नेते. सायटोक्रोममध्ये दोन्ही जागा भरलेल्या असतात, आणि तेथील लोह केवळ इलेक्ट्रॉन घेते व पुढे देते. ह्याच देवघेवीवर पेशींचे श्वसन चालते. शेतातील बटाटा आणि तो खाणारा मनुष्य, दोघांचा श्वास ह्या बाबतीत एकाच जातीचा!

अवघ्या चाळीसेक पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच्. डी. मिळाली. विज्ञानात हा मान मिळविणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. परदेशी न रमता त्या स्वदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत अध्यापन करू लागल्या. गरिबांच्या आहारातील कडधान्ये, तांदळाचे पीठ व नीरा हे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. नीरेवरील कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. पुढे त्या संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषविले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

केवळ मुलगी म्हणून जिला दारात थांबविले, तीच पुढे एका विज्ञानसंस्थेची प्रमुख झाली. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी हाती घेणाऱ्या प्रत्येक भगिनीने व बंधूने हे ध्यानी ठेवावे, अशी आमची इच्छा आहे.