वादळात राज्य सांभाळणारा शेख

25 जून 1961 रोजी बगदादमध्ये इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी पत्रकार परिषद बोलावली आणि कुवेत हा इराकच्या बसरा प्रांताचाच भाग असल्याचे जाहीर केले. कुवेत स्वतंत्र होऊन तेव्हा अवघे सहा दिवस झाले होते. देशाचे सैन्य तुटपुंजे होते, अरब लीगचे सदस्यत्व नव्हते आणि संयुक्त राष्ट्रांचे दार अद्याप उघडलेले नव्हते. पायाखाली मात्र तेलाचा अफाट साठा होता. अशा राज्याची धुरा वाहत होते साठी ओलांडलेले, मितभाषी शेख अब्दुल्ला अल-सालिम अल-सबाह.

1895 मध्ये जन्मलेले अब्दुल्ला हे शेख मुबारक यांचे नातू. याच मुबारक यांनी 1899 मध्ये ब्रिटिशांशी गुप्त करार केला. ब्रिटिशांच्या संमतीवाचून आपली भूमी कोणालाही द्यायची नाही आणि परकीय प्रतिनिधी ठेवून घ्यायचा नाही, असे त्यांनी मान्य केले. मोबदल्यात त्यांना पंधरा हजार रुपये आणि आश्रयाचे आश्वासन मिळाले. रक्कम रुपयांत होती, कारण आखाताचा कारभार तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता. कुवेतची गलबते खजूर घेऊन मुंबईला येत, मलबारातून जहाजबांधणीचे लाकूड नेत. कुवेतच्या बाजारात भारतीय रुपयाच चालत असे. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया छापला आणि 1 एप्रिल 1961 रोजी कुवेतने स्वतःचा दिनार आणला. एका दिनाराला तेरा रुपये आणि एक तृतीयांश, असा तो हिशेब होता. मरीन ड्राइव्हवरील अल-सबाह कोर्ट ही इमारत त्या जुन्या संबंधांची आजही आठवण करून देते.

अब्दुल्लांचे वडील सालिम 1917 ते 1921 या काळात गादीवर होते. त्यांच्यानंतर सत्ता चुलतभाऊ अहमद अल-जाबिर यांच्याकडे गेली आणि अब्दुल्लांना जवळपास तीन दशके वाट पाहावी लागली. या काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाचा आहे. 1938 मध्ये व्यापारी घराण्यांनी चौदा सदस्यांचे विधिमंडळ निवडले आणि त्याचे अध्यक्षपद अब्दुल्लांकडे दिले. राजघराण्यातील माणसाने राजाच्या अधिकारावर मर्यादा घालू पाहणाऱ्या मंडळाचे नेतृत्व करावे, हे आखातात तोवर घडले नव्हते. तेलाचे उत्पन्न मंडळाच्या हाती असावे ही मागणी येताच प्रकरण चिघळले. डिसेंबरमध्ये शेख अहमद यांनी मंडळ बरखास्त केले. अब्दुल्ला बंडाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी तो धडा मनात ठेवला, एवढे त्यांच्या पुढील वर्तनावरून म्हणता येते.

1950 मध्ये ते सत्तेवर आले आणि नशिबाने त्यांना झपाट्याने साथ दिली. 1951 मध्ये इराणने आपल्या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, इराणी तेल जागतिक बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले आणि बुर्गानच्या विहिरींना मागणी वाढली. त्याच वर्षी तेल कंपनीशी निम्म्या नफ्याचा करार झाला. 1953 मध्ये दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये कुवेत गुंतवणूक मंडळ स्थापन झाले. जगातील पहिला सार्वभौम संपत्ती निधी म्हणून त्याचा उल्लेख होतो. आणि समुद्राचे पाणी गोड करण्याचा कारखाना सुरू झाला. तोवर शहराचे पिण्याचे पाणी इराकमधील शत्त-अल-अरब नदीतून होड्यांनी येत असे. पाण्यासाठी ज्याच्या तोंडाकडे पाहायचे, त्याच्यापुढे राजकारणात मान ताठ ठेवणे कठीण. राजघराण्याच्या खजुराच्या बागाही इराकच्याच हद्दीत होत्या.

भोवतालचे वातावरण मात्र तापत होते. 1952 मध्ये इजिप्तचा राजा गेला. 1956 च्या सुवेझ युद्धानंतर कुवेतच्या रस्त्यांवर नासर यांचा जयजयकार झाला आणि तेलवाहिन्यांमध्ये घातपात घडले. 14 जुलै 1958 रोजी बगदादमध्ये तरुण राजा फैसल आणि त्याचे कुटुंबीय मारले गेले. शेजारच्या राजवाड्यात हे घडल्यावर कोणत्याही शेखाची झोप उडावी. अब्दुल्लांनी 1959 मध्ये राष्ट्रवादी मंडळांवर आणि वृत्तपत्रांवर बंदी घातली. घटनेचे जनक म्हणून त्यांचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य ठरणार नाही.

19 जून 1961 रोजी ब्रिटिश प्रतिनिधी सर विल्यम ल्यूस यांच्याशी पत्रांची देवाणघेवाण होऊन 1899 चा करार संपला. गरज पडल्यास साहाय्य करण्याचे ब्रिटनचे वचन तेवढे मागे उरले. सहा दिवसांतच त्याची कसोटी लागली. 30 जून रोजी अब्दुल्लांनी साहाय्य मागितले आणि 1 जुलैपासून ब्रिटिश सैनिक उतरू लागले. उन्हाने त्यांची तारांबळ उडाली. इराकी फौज मात्र सीमा ओलांडून आली नाही. ती खरोखर येणार होती का, याबद्दल पुढे खुल्या झालेल्या ब्रिटिश कागदपत्रांमुळे शंका निर्माण झाली आहे. सैन्यहालचालींचा पुरावा विरळ होता आणि विनंती लवकर यावी यासाठी लंडनही उत्सुक होते. परंतु कुवेतमध्ये बसून त्या आठवड्यात जुगार खेळण्याची मुभा शेखांना नव्हती.

त्यांचे खरे कौशल्य दिसले ते यानंतर. ज्यांच्या बंदुकांमुळे गादी वाचली, त्यांच्याच उपस्थितीमुळे ती डळमळीत होणार होती. नासर यांना कासिम यांचा दावा मान्य नव्हता, तसे ब्रिटिश सैन्यही मान्य नव्हते. अब्दुल्लांनी अरब राष्ट्रांमधील हे वैर ओळखले. 20 जुलै रोजी अरब लीगने कुवेतला सदस्य करून घेतले. इराकने सभात्याग केला. सप्टेंबरपासून सौदी अरेबिया, जॉर्डन, सुदान, ट्युनिशिया आणि नासर यांचे संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्या तुकड्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सैन्य परतले. राजे आणि क्रांतिकारक एकाच वाळवंटात पहारा देत असल्याचे ते दृश्य विलक्षणच होते. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश रोखला.

31 डिसेंबर 1961 रोजी अरब देशांच्या विकासासाठी कुवेत निधी स्थापन झाला. सुदानच्या रेल्वेला त्यातून आरंभीचे कर्ज मिळाले. श्रीमंत छोट्या राज्याचा शेजाऱ्यांना हेवा वाटतो; त्या हेव्याची धार कर्जाने थोडी बोथट होते. त्याच सुमारास घटना समितीची निवडणूकही झाली. इजिप्शियन कायदेपंडित उस्मान खलील उस्मान यांच्या साहाय्याने मसुदा तयार झाला आणि 11 नोव्हेंबर 1962 रोजी शेखांनी त्यावर स्वाक्षरी केली. गादी मुबारक यांच्या वंशात राहील, पण कायदा करताना संसदेला विचारावे लागेल, अशी ती तडजोड होती. 1938 मध्ये मोडलेला डाव चोवीस वर्षांनी पुन्हा मांडला गेला. आता व्यापारी, टोळ्यांचे प्रमुख आणि नासरवादी तरुण यांना भांडायला सभागृह मिळाले.

या व्यवस्थेच्या कडा मात्र धारदार होत्या. मताधिकार केवळ पुरुषांना होता. स्त्रियांना तो 2005 मध्ये मिळाला. 1959 च्या नागरिकत्व कायद्याने 1920 पूर्वीपासून राहणाऱ्यांना मूळ नागरिक मानले. शाळा, रुग्णालये आणि बंदरे चालवणारे हजारो परदेशी, त्यांत भारतीयही आले, या सभागृहाबाहेरच राहिले.

फेब्रुवारी 1963 मध्ये कासिम यांची सत्ता उलथून त्यांना ठार करण्यात आले. मे महिन्यात कुवेत संयुक्त राष्ट्रांचा 111 वा सदस्य झाला आणि 4 ऑक्टोबर रोजी बगदादच्या नव्या सरकारने त्याला मान्यता दिली. त्यापाठोपाठ कुवेतने इराकला तीन कोटी दिनारांचे बिनव्याजी कर्ज दिले. दोन्ही घटनांचा संबंध उघड होता. सीमा मात्र जमिनीवर आखली गेली नाही आणि ते काम 1990 चे आक्रमण होऊन गेल्यावर संयुक्त राष्ट्रांना करावे लागले.

संसद नवी असली तरी आज्ञाधारक नव्हती. डिसेंबर 1964 मध्ये व्यापारी मंत्र्यांच्या नेमणुकीवरून प्रतिनिधींनी बहिष्कार घातला आणि मंत्रिमंडळाची कोंडी झाली. राजघराण्यातील काहींना संसद नकोशी वाटत होती. अब्दुल्लांनी ती विसर्जित केली नाही. नवे मंत्रिमंडळ नेमून प्रतिनिधींचे म्हणणे मान्य केले. त्यांच्यानंतरच्या अमीरांनी हा संयम सदैव पाळला नाही. 1976 आणि 1986 मध्ये संसद घटनाबाह्य रीतीने बरखास्त झाली आणि 10 मे 2024 रोजी तिचे विसर्जन करून घटनेतील काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित करण्यात आली.

ऑक्टोबर 1965 मध्ये संसदेच्या नव्या अधिवेशनाच्या उद्घाटनप्रसंगीच शेख अब्दुल्लांना हृदयविकाराचा झटका आला. 24 नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले आणि बंधू सबाह अल-सालिम गादीवर आले. सत्तांतर शांततेत पार पडले. स्वातंत्र्याचा करार जूनमधला असला, तरी कुवेतचा राष्ट्रीय दिन साजरा होतो तो 25 फेब्रुवारीला, अब्दुल्लांच्या राज्यारोहणाच्या दिवशी.