पॅरिसला नकार देणारा नोबेलविजेता

नाव काढायचं असेल तर मोठ्या शहरात जा, हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेलच. तो पटवून घेण्याआधी पॉल साबातिए यांची गोष्ट वाचा.

फ्रान्सच्या दक्षिणेला कार्कासोन नावाचं गाव आहे. साबातिए तिथे १८५४ मध्ये जन्मले. शिकायला पॅरिसला गेले, बेर्तलोंसारख्या दिग्गजाच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि १८८२ मध्ये तुलूझ विद्यापीठात शिकवायला आले. दोन वर्षांत, तिशीतच प्राध्यापक झाले. मग तिथलेच होऊन गेले.

त्या काळी पॅरिसमध्ये मोआसां आणि मुरो यांनी निकेलसारख्या धातूंवरून अॅसिटिलीन वायू सोडून पाहिला होता. धातू तापून लाल झाला, काजळी जमली. बाहेर पडणाऱ्या वायूकडे मात्र त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. ते हा प्रयोग पुढे नेणार नाहीत, याची साबातिएंनी आधी खात्री करून घेतली. मग १८९७ मध्ये सांदराँ या धर्मगुरू सहकाऱ्याबरोबर त्यांनी इथिलीन वायू तापलेल्या निकेलच्या भुकटीवरून सोडला आणि बाहेर आलेला वायू नीट तपासला. त्यात इथेन सापडला! निकेलच्या मदतीने हायड्रोजन दुसऱ्या रेणूला जोडता येतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

मग काय, जे मिळेल ते निकेलवरून जाऊ लागलं. १९०२ मध्ये कार्बन डायऑक्साइडची पाळी आली. हायड्रोजनबरोबर तो निकेलवरून नेला, की मिथेन आणि पाणी मिळायचं. ज्वलनातून उरलेल्या वायूचं पुन्हा इंधन झालं होतं! अॅसिटिलीन आणि हायड्रोजनपासून तर त्यांनी खनिज तेलासारखा द्रवही मिळवला.

निकेल हे सगळं कसं करतं? साबातिएंचं म्हणणं असं, की उत्प्रेरक रेणूला तात्पुरता धरतो आणि सोडून देतो. पकड ढिली असेल तर काम होत नाही, फार घट्ट असेल तर रेणू सुटत नाही. उत्प्रेरक शोधताना आजही हाच नियम वापरतात.

१९०७ मध्ये पॅरिसहून मोआसांच्या जागेवर यायचं बोलावणं आलं. साबातिएंनी तुलूझ सोडलं नाही. १९१२ मध्ये ग्रिन्यार यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. फ्रेंच विज्ञान अकादमीचं पूर्ण सदस्यत्व तोवर पॅरिसमध्ये राहणाऱ्यांनाच मिळायचं. १९१३ मध्ये पॅरिसबाहेरच्यांसाठी जागा निघाल्या आणि साबातिए निवडून आले. १९४१ मध्ये तुलूझलाच ते गेले.

तेलाचं वनस्पती तूप करायची युक्ती याच शोधातून निघाली. अंतराळ स्थानकात अंतराळवीरांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडपासून पाणी मिळवायला साबातिएंचीच अभिक्रिया वापरली गेली. आइसलंडमध्ये त्याच वायूपासून मिथेनॉल हे द्रव इंधन बनवलं गेलं, तांब्याच्या उत्प्रेरकांवर. खर्च मुख्यतः हायड्रोजनचा. तो पाण्यापासून काढायला बरीच वीज लागते आणि ती कोळशावरची असेल, तर सगळा खटाटोप वाया.

म्हणजे काम अजून बाकी आहे. तुमच्या कॉलेजची प्रयोगशाळा लहान असेल, असू दे. पुढच्या प्रॅक्टिकलला नळीतून बाहेर काय येतंय, तेवढं मात्र नीट बघा.